हातचा

बफेलो शहरात, फिलमोर अव्हेन्यूवर आमची पतसंस्था.
रस्त्यावर मीठ, काचेवर मीठ, बुटांवर मीठ,
आणि आत मी, कर्जं देणारा,
एकवीस वर्षं याच खुर्चीत.
स्वतः भाड्यानं राहतो,
हे ग्राहकांना सांगत नाही.

मिसेस जेनेव्हिव्ह कोसाक तीन तारखेला येतात.
तीन दुमजली घरं, सहा बिऱ्हाडं.
पूर्वी इस्पितळात एक्स-रे काढायच्या,
म्हणून असेल,
घर बघताना रंग बघत नाहीत, हाडं बघतात.

पाच खाती आहेत त्यांची. नावं त्यांनीच दिलेली.
छप्पर. बॉयलर. शाळेचा कर. रिकामा महिना.
पाचव्याचं नाव जेनेव्हिव्ह.
त्यात चाळीस डॉलरच्या वर
मी कधी काही पाहिलं नाही.

"बारांतला एक महिना घर रिकामंच असतं,"
त्या म्हणतात,
"भरलेलं असलं तरी."

व्याज तीन टक्क्यांवर आलं त्या वर्षी
मीच त्यांना बोलावून घेतलं.
म्हटलं, किमती चढल्यात, भिंतींत पैसा नुसता झोपलाय,
उठवा त्याला,
कर्ज वाढवा, लव्हजॉयला चौथं घर घ्या.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, पेन मागितलं,
माझ्या छापील तक्त्याच्या पाठकोऱ्या बाजूला
शाळेतल्यासारखी उभी बेरीज मांडली:
हप्ता, कर, विमा, बर्फ उपसणाऱ्या पोराचे पैसे,
आणि पाच वर्षांनी दर बदलला तर
इथं त्या थांबल्या.
"सगळं बरोबर आहे रे.
पण हातचा कुठे लिहिलायस?"

तक्त्यात तो रकानाच नव्हता.

साल ट्रिगिलिओनं असलं काही विचारलं नाही.
एका घराच्या भिंतीतून दुसऱ्याचा बयाणा काढला,
दुसऱ्यातून तिसऱ्याचा,
अकरा घरं, एकाच दोऱ्यात ओवलेली;
हातचं होतं ते पळत्याच्या गळ्यात बांधून
मोकळा झाला.
सगळ्या सह्या माझ्यासमोर झाल्या.
नाताळात त्याच्या बायकोनं मला घरी केलेलं सॉसेज पाठवलं,
ते मी खाल्लं.

मग दर साडेसात.
अकरा पत्रं, एकाच दिवशी, मीच टाकली.
साल आला, टोपी मांडीवर घेऊन बसला.
"कागदावर तर मी श्रीमंत आहे ना?"
आहेस, म्हणालो. कागदावर.

फेब्रुवारीत तळ्यावरून वारा सुटला, उणे एकोणीस.
डोट स्ट्रीटच्या घराचा बॉयलर रात्री दहाला गेला.
वरच्या मजल्यावर नॉ एह वाह, तिची चार महिन्यांची मुलगी.
मिसेस कोसाकनी मला फोन केला नाही.
आपल्याच गाडीतून दोघींना मोटेलवर नेलं,
आणि सकाळी नऊ हजार चारशे डॉलर
एका झटक्यात गेले.
माझ्या पडद्यावर दिसलं:
बॉयलर, शिल्लक सहा.
त्याखाली, तीन तारखेला,
पुन्हा दोनशे दहा जमा.

शौर्य वगैरे नाही हं यात.
एप्रिलमध्ये भाडं साठ डॉलरनं वाढवलं त्यांनी.
नॉ एह वाहनं तोंड वाकडं केलं;
मला ठाऊक आहे, तिचंही खातं इथंच.

काल सालच्या तीन घरांचा लिलाव पुकारला.
त्या बघून आल्या म्हणे. फक्त तळघरं.
घेणार का, मी विचारलं.
"जेनेव्हिव्हला विचारून सांगते," म्हणाल्या,
आणि हातमोजे घालताना
किंचित हसल्या असाव्यात.

संध्याकाळी, दिवे घालवायच्या आधी,
मी माझ्या नावावर एक खातं उघडायला घेतलं.
पंचवीस डॉलर.
खात्याला नाव काय, यंत्रानं विचारलं.
रकान्यात ती उभी रेघ लुकलुकत राहिली.
छप्पर माझं नाही.
बॉयलर माझा नाही.
रिकामा महिना
तो मात्र माझ्याकडे होता.